परदेशात लग्न: बडोद्यातून निघण्याआधी कोणते कागद, कुठून आणि कोणत्या क्रमाने

रावपुराकर

दिवाळी संपली की लग्नसराईबरोबर हा प्रश्नही हजर होतो. मुलगी मांजलपूरची, मुलगा न्यू जर्सीत नाहीतर म्युनिकला, समारंभ बालीला करायचा बेत, आणि व्हिसाच्या अर्जाला विवाहाचा दाखला जोडायचा तो कुठला, हे दोन्ही घरांत कुणालाच नक्की माहीत नसतं. उत्तरं दहा ठिकाणी विखुरली आहेत, म्हणून हा एक धागा. ज्यांना नियम ठाऊक आहेत त्यांनी लिहा. "आमच्या शेजाऱ्यांचं असंच झालं होतं" हे शक्यतो नको.

हॉल आणि तिकिटं ठरवायच्या आधी एक ठरवा: कायद्याने लग्न कुठे लागणार? वाटा तीन. पहिली, इथे बडोद्यात विधी करून हिंदू विवाह कायदा १९५५ खाली नोंदणी, किंवा स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट १९५४ खाली लग्न, आणि परदेशात नुसता समारंभ. दुसरी, ज्या देशात लग्न आहे तिथल्या कायद्याने, तिथल्या नोंदणी अधिकाऱ्यापुढे. तिसरी, त्या देशातल्या भारतीय वकिलातीत, फॉरिन मॅरेज अ‍ॅक्ट १९६९ खाली. त्यासाठी दोघांपैकी एक तरी भारतीय नागरिक हवा. कागद कोणते, शिक्के कुठले, किती महिने आधी लागायचं, हे सगळं त्यावर अवलंबून. बहुतेक घोळ दोन वाटा एकदम धरल्याने होतात.

शुभांगी_अलकापुरी

काका, दोन धरल्या तर बिघडतं काय? इथे सेवासदनात, म्हणजे महानगरपालिकेत, नोंदणी करून टाकायची म्हणजे व्हिसाचं काम सुरू होतं, आणि मग इटलीत तिथलाही दाखला घ्यायचा. दोन दाखले म्हणजे उलट जास्त पक्कं ना?

न्यायमंदिर_वकील

शुभांगीताई, उलट कच्चं. इटली असो की अमेरिका, लग्नाआधी दोघांना "आम्ही अविवाहित आहोत" असं लिहून द्यावं लागतं. बडोद्यात नोंदणी झालेली असेल तर ते विधान खोटं ठरतं. पुढे व्हिसा किंवा नागरिकत्वाच्या अर्जात लग्नाची तारीख विचारतात. दोन दाखल्यांवर दोन तारखा, आणि दुसऱ्यावर "अविवाहित" ही नोंद, हे अधिकाऱ्याने पाहिलं की खुलासा करता करता दमछाक होते.

इथे नोंदणी झाली असेल तर परदेशात फक्त प्रतीकात्मक समारंभ करा. रिसॉर्टवाल्याला सुरुवातीलाच सांगा की कायदेशीर नोंदणी नको. ते सोपंही पडतं आणि स्वस्तही.

दुसरी बाजूही ऐका. "आधी कागदावर नोंदवून ठेवू, सप्तपदी पुढच्या वर्षी" हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीने लग्न होत नाही. कलम ८ ची नोंदणी हा झालेल्या लग्नाचा पुरावा आहे. व्हिसासाठी आगाऊ नोंदणी करून ठेवण्याच्या प्रथेचा उल्लेखही त्या निकालात आहे. म्हणून घरच्या घरी, दहा माणसांत का होईना, विधी करा, फोटो ठेवा, आणि मग नोंदवा. विधी नकोच असतील तर स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट घ्या. तिथे ज्या जिल्ह्यात नोटीस द्यायची तिथे दोघांपैकी एकाचं ३० दिवसांचं वास्तव्य लागतं, नोटिशीनंतर हरकतीसाठी ३० दिवस थांबावं लागतं, लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार हवेत, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. परदेशातून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येणाऱ्यांचं गणित नेमकं इथेच फसतं.

विश्वामित्री

इथल्या नोंदणीबद्दल थोडं. गुजरात विवाह नोंदणी कायदा २००६ प्रमाणे लग्न जिथे लागलं तिथल्या रजिस्ट्रारकडे जायचं, तुम्ही राहता तिथे नव्हे. हॉल पालिकेच्या हद्दीत असेल तर सेवासदन, पादरा तालुक्यातल्या एखाद्या गावात फार्महाऊस घेतलं असेल तर तिथला तलाटी. पत्रिका, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, साक्षीदारांची ओळखपत्रं, आणि भटजींची सही. त्यांची सही आणि आधारची प्रत लग्नाच्या दिवशीच घ्या. बडोद्यात मुहूर्त दाट असले की गुरुजी पुण्यानाशकाहून येतात आणि दुसऱ्या दिवशी परत जातात. मग त्या एका सहीसाठी फॉर्म अडून राहतो.

दाखल्यावरच्या नावांचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून मगच फॉर्मवर सही करा. एकदा छापून आलं की दुरुस्तीचा अर्ज वेगळा.

कोठी_कारकून

नावांचा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहितो, कारण बडोद्यातल्या मराठी घरांचे कागद सगळ्यात जास्त इथे अडतात.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. जन्माच्या दाखल्यात वडिलांच्या नावापुढे कुणीतरी आपुलकीने "भाई" लावलेलं, आईच्या नावापुढे "बेन". पासपोर्टात ते नाही. कुठे "राव" आहे, कुठे नाही. गायकवाड, शिंदे, चव्हाण यांची इंग्रजी स्पेलिंगं एकाच घरात दोन-तीन प्रकारची. पासपोर्टात कधी वडिलांचं नाव दिलेल्या नावाच्या रकान्यात गेलेलं, कधी आडनावाचा रकाना रिकामा. इथल्या कारकुनाला ते एकच माणूस वाटतं. म्युनिकच्या किंवा मिलानच्या कारकुनाला "रमेशभाई" आणि "रमेश" ही दोन माणसं दिसतात.

उपाय दोन. खरा उपाय म्हणजे मूळ कागद दुरुस्त करणं. जन्ममृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम १५ खाली जिथे जन्म नोंदला आहे त्या निबंधकाकडे अर्ज करता येतो. पुराव्याला शाळेचा दाखला, आईवडिलांचे पासपोर्ट किंवा इतर जुने कागद लागतात. वेळ जातो, पण हा कागद पुढे मुलांच्या जन्मापर्यंत उपयोगी पडतो. दुसरा उपाय म्हणजे "ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं सोगंदनामू, म्हणजे प्रतिज्ञापत्र. किरकोळ फरकाला ते चालतं, जन्मतारीख किंवा आईचं नाव वेगळं असेल तर चालत नाही. दुरुस्ती कशात करायची हे ठरवताना पासपोर्ट पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. पासपोर्टच चुकीचा असेल तर आधी तो पुन्हा काढा आणि मगच पुढचं काहीही करा.

जन्माची नोंदच नसेल तर उशिराच्या नोंदणीला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. याला आठवडे नाही, महिने धरा.

आणखी एक. जुना हस्तलिखित गुजराती दाखला असेल तर भाषांतर करत बसण्यापेक्षा त्याच कार्यालयातून नवा संगणकीय दाखला काढा. गुजराती आणि इंग्रजी दोन्ही असलेला मिळाला तर भाषांतराचा खर्चही वाचतो आणि शंकाही.

मांजलपूरकर

आता अपोस्टिल, म्हणजे आपला सरकारी कागद खरा आहे हे दुसऱ्या देशाने मानावं म्हणून त्यावर लागणारं प्रमाणपत्र. हेग करार भारताला १४ जुलै २००५ पासून लागू आहे. करारातल्या देशासाठी परराष्ट्र मंत्रालयाचं एक स्टिकर पुरतं. करारात नसलेल्या देशासाठी साखळी: राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाची इथली वकिलात, आणि तिकडे पोचल्यावर तिथलं परराष्ट्र खातं. अमिराती म्हणजे दुबई-अबूधाबीसाठी ही सगळी साखळी लागते. कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून करारात आला आहे, त्यामुळे त्याआधीची माहिती वाचून कॅनडाच्या वकिलातीचे हेलपाटे घालू नका.

मंत्रालय थेट तुमच्या कागदावर अपोस्टिल लावत नाही. जन्म, विवाह, अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र, अशा वैयक्तिक कागदांवर आधी राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाची सही लागते. आणि इथेच बडोदेकरांची गंमत होते: सही *कागद ज्या राज्यात निघाला त्या राज्याची* हवी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून निम्म्या मुलामुलींचे जन्मदाखले नाशिक, सांगली, इंदूरचे. तो कागद गांधीनगरला नेऊन उपयोग नाही. महाराष्ट्राचा कागद मुंबईच्या वाटेने जाईल, मध्य प्रदेशचा भोपाळच्या. एका नवरीच्या तीन कागदांना दोन राज्यं लागणं अगदी नेहमीचं आहे, तेव्हा एजंटाला फाइल देण्याआधी प्रत्येक कागद कुठल्या राज्याचा हे स्वतः लिहून काढा.

मंत्रालयाची अपोस्टिल फी कागदामागे ५० रुपये. कागद मंत्रालयाने नेमलेल्या संस्थांमार्फत जातात, त्यांचं सेवाशुल्क वेगळं. एजंट हजारांत आकडा सांगतो तेव्हा त्यात राज्याची सही, कुरियर आणि त्याची मेहनत किती, हे लेखी मागा. ई-सनद पोर्टलवर असलेल्या कार्यालयांचे कागद ऑनलाइनही तपासले जातात. तुमचा दाखला त्यात बसतो का हे आधी पाहा.

शुभांगी_अलकापुरी

आणि भाषांतर अपोस्टिलच्या आधी की नंतर?

मांजलपूरकर

नंतर. अपोस्टिलचं स्टिकरही कागदाचाच भाग, त्याचंही भाषांतर मागतात. जर्मनी-इटलीसारख्या ठिकाणी तिथल्या कोर्टाने किंवा वकिलातीने मान्य केलेल्या भाषांतरकाराचंच चालतं, बडोद्यातल्या नोटरीचा शिक्का असलेलं नाही.

बारीकसारीक पण महागात पडणारं: लॅमिनेट केलेला दाखला चालत नाही. स्टिकर लागल्यावर स्टेपल काढून स्कॅन करायला जाऊ नका. पानं सुटली की कागदावर संशय येतो. प्रत्येक दाखल्याच्या दोन मूळ प्रती काढा आणि दोन्हींना अपोस्टिल करा, कारण काही कार्यालयं मूळ प्रत ठेवूनच घेतात.

न्यायमंदिर_वकील

अविवाहित असल्याच्या कागदाबद्दल. भारतात "हा माणूस अविवाहित आहे" असा दाखला देणारं एकच केंद्रीय रजिस्टर नाही, म्हणून सगळं प्रतिज्ञापत्रावर चालतं. ई-स्टॅम्पवर, नोटरीसमोर, मग मामलतदार किंवा कार्यकारी दंडाधिकारी, मग राज्य, मग अपोस्टिल. मजकुरात पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, पूर्ण पत्ता, "आजपर्यंत विवाह झालेला नाही" आणि कोणाशी, कुठे लग्न करायचं आहे, हे सगळं असू द्या. काही देश आईवडिलांचंही वेगळं प्रतिज्ञापत्र मागतात.

दोन ठिकाणी चुकतं. पहिलं, मुलगा बर्लिनला आणि सही बडोद्यात वडिलांनी "त्याच्या वतीने" केलेली. प्रतिज्ञापत्र स्वतःच करायचं असतं. परदेशात असाल तर तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन करा. दुसरं, फार लवकर करणं. बहुतेक देशांत हा कागद तीन ते सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. जन्मदाखल्याची दुरुस्ती वर्षभर आधी सुरू करा, पण हे प्रतिज्ञापत्र सगळ्यात शेवटी.

घटस्फोट झालेला असेल तर निकालाची कोर्टाकडून मिळालेली खरी नक्कल, आणि अपिलाची मुदत संपली याची खात्री. विधवा किंवा विधुर असाल तर जोडीदाराचा मृत्यूचा दाखला. परदेशात झालेला घटस्फोट भारतात आपोआप मान्य होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ च्या कसोट्या लागतात. एका बाजूने अर्ज करून घेतलेला तिकडचा निकाल असेल तर दुसऱ्या लग्नाची तारीख काढण्याआधी वकिलाला दाखवाच. कॅनडाच्या ऑन्टारियोत तर बाहेरच्या देशातला घटस्फोट असला की तिथल्या वकिलाचं मतपत्र जोडल्याशिवाय लग्नाचं लायसन्सच मिळत नाही.

पार्सिपनी_ते_प्रतापनगर

अमेरिकेचं मी लिहितो. तिथे लग्नाचा कायदा राज्याचा असतो, व्हिसाचा केंद्राचा. दोन्ही वेगळे वाचा.

लायसन्स काउंटी किंवा टाउन क्लार्ककडून. न्यू जर्सीत अर्जानंतर ७२ तास थांबावं लागतं, न्यूयॉर्कमध्ये लायसन्स मिळाल्यावर २४ तास आणि ते ६० दिवस चालतं, कॅलिफोर्नियात थांबावं लागत नाही आणि ९० दिवस चालतं, टेक्ससमध्ये पुन्हा ७२ तास. शुक्रवारी उतरून शनिवारी लग्न, हे न्यू जर्सीत जमणार नाही.

विधी गुरुजींनी सांगितला तरी कायद्याने लग्न लावणारा म्हणून लायसन्सवर त्यांची सही लागते, आणि तो कागद भरून क्लार्ककडे परत जायला हवा. त्या राज्यात गुरुजींना तो अधिकार आहे का, हे आधीच विचारा. हॉलमध्ये मिळणारं सोनेरी कडांचं प्रमाणपत्र भिंतीवर लावायला. कायदेशीर कागद म्हणजे नोंदणीनंतर मागून घेतलेली सर्टिफाइड प्रत. भारतात वापरायची तर त्यावर अपोस्टिल *त्याच राज्याचं*. वॉशिंग्टनचं केंद्रीय कार्यालय राज्याच्या विवाहदाखल्याला अपोस्टिल देत नाही, हे कळेपर्यंत लोकांचे आठवडे जातात.

आता के-१, म्हणजे वाग्दत्त जोडीदाराचा व्हिसा. अर्ज करणारा अमेरिकन नागरिकच हवा, ग्रीन कार्डवाला चालत नाही. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली हवी. आणि तिकडे पोचल्यापासून ९० दिवसांत लग्न. आपल्या घरांची चूक अशी की साखरपुडा लग्नाएवढाच थाटात होतो: होम, हार, मंगळसूत्र, दोनशे पानं जेवायला. ते फोटो अर्जाबरोबर गेले की अधिकारी विचारतो, लग्न तर झालेलं दिसतंय. आणि सप्तपदी खरंच झाली असेल तर त्याचं म्हणणं बरोबर आहे. आपल्या कायद्याने ते पतीपत्नी झाले, के-१ बाद. मग जोडीदाराचा सीआर-१ घ्यायचा. तेव्हा के-१ ची वाट धरली असेल तर साखरपुड्यात अंगठी आणि साखरेची पुडी, एवढंच. आत्याबाईंना राग आला तरी.

पर्यटक व्हिसावर जाऊन लग्न करून परत येणं बेकायदा नाही. तिथेच राहायचं मनात धरून पर्यटक व्हिसावर जाणं मात्र खोटी माहिती देण्यात मोडतं.

इलोरापार्क

यूकेचं थोडक्यात. लग्न करून परत यायचं असेल तर मॅरेज व्हिजिटर व्हिसा, साध्या व्हिजिटर व्हिसावर लग्न करता येत नाही. तिथे राहायचं असेल तर फियान्से व्हिसा. मॅरेज व्हिजिटरवर जाऊन तिथेच जोडीदाराच्या व्हिसात बदल करता येत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये रजिस्टर ऑफिसात नोटीस देण्याआधी त्या भागात किमान सात दिवस राहिलेलं हवं. नोटीस २८ दिवसांची, पण परदेशी नागरिकाच्या बाबतीत चौकशीसाठी ती ७० दिवसांपर्यंत वाढवू शकतात. म्हणून हॉलची तारीख ७० दिवस धरूनच घ्या. मंदिरातलं लग्न कायदेशीर तेव्हाच, जेव्हा ते मंदिर लग्नासाठी नोंदलेलं आणि नोंद करणारी अधिकृत व्यक्ती हजर असते. नाहीतर रजिस्टर ऑफिसात वेगळं लग्न करावं लागतं.

ऑस्ट्रेलियात सेलिब्रंटकडे, म्हणजे लग्न लावणाऱ्या अधिकृत व्यक्तीकडे, लग्नाची नोटीस किमान एक महिना आधी, जास्तीत जास्त १८ महिने आधी. अठरा वर्षांवरचे दोन साक्षीदार. तिथेही समारंभाच्या दिवशी मिळतं ते प्रमाणपत्र वेगळं आणि राज्याच्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी कार्यालयाचं वेगळं. व्हिसा, पासपोर्टला दुसरं चालतं.

कोठी_कारकून

जर्मनीबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि बडोद्यातून सध्या मुलं सगळ्यात जास्त गोंधळतात ती तिथेच.

भारत अपोस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने त्यावर हरकत घेतली. त्यामुळे भारताचं अपोस्टिल जर्मनीत पुरत नाही. तिथलं विवाह नोंदणी कार्यालय, श्टांडेसआम्ट, भारतातल्या कागदांची पडताळणी जर्मन वकिलातीमार्फत करून मागतं. वकिलात इथे वकील नेमते, तो जन्मनोंदीच्या कार्यालयात जाऊन मूळ रजिस्टर पाहतो, शाळेत विचारतो, घरी येतो. याला महिने लागतात आणि खर्च अर्जदाराचा. घरच्यांना आधी सांगून ठेवा की कुणी चौकशीला आलं तर हाकलू नका, आणि अविवाहित म्हणून लिहून दिलेल्या मुलाला शेजाऱ्यांनी उगाच "सूनबाई कधी येणार" म्हणत अर्धवट लग्न लावून देऊ नये.

दुसरं, जर्मन कायद्याला परदेशी नागरिकाकडून त्याच्या सरकारचा "लग्न करण्यास पात्र" असा दाखला लागतो. भारत तसा दाखला देत नाही. म्हणून उच्च प्रादेशिक न्यायालयाच्या अध्यक्षांकडून त्यातून सूट मागायची. अर्ज श्टांडेसआम्टमार्फतच जातो. सूट सहा महिने चालते, तेवढ्यात लग्न करा.

म्हणून जर्मनीत राहणारी बरीच जोडपी डेन्मार्कला जातात. तिथे कौटुंबिक कायद्याचं कार्यालय, फामिलीरेट्सहुसेट, ऑनलाइन अर्ज तपासून प्रमाणपत्र देतं. ते चार महिने चालतं, त्या मुदतीत कुठल्याही नगरपालिकेत लग्न. दाखला इंग्रजी-जर्मनसह पाच भाषांत मिळतो. दोघांचं डेन्मार्कमध्ये कायदेशीर प्रवेश आणि वास्तव्य मात्र हवं, आणि घटस्फोटितांना निकालाचे सगळे कागद द्यावेच लागतात. आडवाट नाही, सरळ मार्ग आहे, फक्त प्रवासाचा.

विश्वामित्री

डेस्टिनेशन वेडिंगवाल्यांसाठी चार ओळी. बालीत कायदेशीर लग्नासाठी आधी धार्मिक विधी आणि मग नागरी नोंदणी, आणि दोघांचा धर्म एकच दाखवावा लागतो. आंतरधर्मीय जोडप्याने तिथे कायदेशीर लग्नाच्या फंदात पडू नये. थायलंडमध्ये समुद्रकिनाऱ्यावरच्या विधीला कायद्याने अर्थ नाही. वकिलातीकडून लग्नास मोकळे असल्याचा कागद, त्याचं थाई भाषांतर, परराष्ट्र खात्याचा शिक्का, मग अम्फो म्हणजे जिल्हा कार्यालयात नोंदणी, ही खरी पद्धत. इटलीत भारतीय वकिलातीकडून नुल्ला ओस्ता म्हणजे ना हरकत दाखला, त्यावर प्रेफेत्तुरा या सरकारी कार्यालयात १६ युरोच्या महसूल तिकिटासह शिक्का, मग कोमुने म्हणजे नगरपालिकेत. आणि आधीचं लग्न मोडल्यावर स्त्रीला तिथे साधारणपणे ३०० दिवस थांबावं लागतं.

माझं मत: पाहुण्यांसाठी सहल असेल तर कायदेशीर लग्न बडोद्यातच लावा.

दांडियाबाजार

मामाच्या मुलीशी लग्न असेल तर?

न्यायमंदिर_वकील

चांगला प्रश्न, आणि लोक अगदी शेवटी विचारतात. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टच्या पहिल्या परिशिष्टात मामाची मुलगी निषिद्ध नात्यांत आहे. रूढी असेल तर सूट. फॉरिन मॅरेज अ‍ॅक्टच्या कलम ४ मध्येही तसंच, दोघांपैकी एकाच्या तरी वैयक्तिक कायद्याने किंवा रूढीने परवानगी हवी. हिंदू विवाह कायद्यातही रूढीचा अपवाद आहे. रूढी सिद्ध करायची जबाबदारी मात्र तुमची. कुटुंबातल्या आधीच्या अशा लग्नांचे दाखले आणि ज्येष्ठांची प्रतिज्ञापत्रं तयार ठेवा.

परदेशात तिथला कायदा बघा. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया आणि यूके इथे चुलत-मावस-मामे-आतेभावंडांच्या लग्नाला बंदी नाही. टेक्ससमध्ये आहे. मुलगा डॅलसला असेल तर कुठल्या राज्यात लायसन्स घेता याआधी तिथल्या वकिलाशी बोला.

वयाचंही तसंच. बऱ्याच देशांत १८ पुरे, पण भारतीय वकिलातीत लग्न लावायचं किंवा नोंदवायचं तर मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण हवी.

रावपुराकर

तिसरी वाट राहिली होती, ती मी पूर्ण करतो. वकिलातीत लग्न: दोघांपैकी एकाने त्या विवाह अधिकाऱ्याच्या हद्दीत नोटिशीआधी सलग ३० दिवस राहिलेलं हवं. नोटीस कार्यालयात लागते आणि भारतात व त्या देशातही प्रसिद्ध होते. हरकतीसाठी ३० दिवस. मग दोघांचं निवेदन, तीन साक्षीदार, लग्न आणि दाखला. नोटिशीपासून सहा महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द. साधारण दोन-तीन महिने हाताशी ठेवा. त्या देशाच्या कायद्यात बसत नसेल तर अधिकारी नकार देऊ शकतो, आणि प्रत्येक वकिलात लग्न लावतेच असंही नाही, म्हणून तिकिटाआधी ईमेलवर लेखी उत्तर घ्या. हिंदू आणि बिगरहिंदू जोडप्याला ही वाट सोयीची, कारण त्यांना हिंदू विवाह कायदा लागूच होत नाही. या लग्नातल्या वादांना पुढे स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टची कलमं लागतात.

स्थानिक कायद्याने लग्न केलं असेल तर फॉरिन मॅरेज अ‍ॅक्टच्या कलम १७ खाली तेच लग्न वकिलातीत नोंदवून घेता येतं. देशात परतण्याआधी करा. बडोद्याला येऊन सेवासदनात "इटलीचं लग्न नोंदवा" म्हणाल तर ते नाही म्हणतील. गुजरातचा नोंदणी कायदा गुजरातेत लागलेल्या लग्नांचा आहे. अपोस्टिल केलेला तिकडचा दाखला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर इथे बँक, पासपोर्ट, विमा यांना दाखवायचा.

शुभांगी_अलकापुरी

लग्नानंतर पासपोर्टात नाव बदलायलाच हवं का? आणि जोडीदार परदेशी नागरिक असेल तर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड लगेच मिळतं?

कोठी_कारकून

नाव बदलणं सक्तीचं नाही. जोडीदाराचं नाव घालायचं असेल तर पासपोर्ट पुन्हा काढावा लागतो, अर्ज बडोद्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात. चालू व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल तर दोन्ही जवळ बाळगा. आणि ज्या नावाने तिकीट आणि व्हिसा आहे ते नाव प्रवास होईपर्यंत बदलू नका. हनिमूनच्या तिकिटावर नवं आडनाव आणि पासपोर्टवर माहेरचं, हे विमानतळावर चालत नाही.

ओसीआय लगेच नाही. परदेशी जोडीदारासाठी लग्न नोंदलेलं आणि अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. परदेशातला दाखला असेल तर त्यावर अपोस्टिल किंवा भारतीय वकिलातीचं प्रमाणीकरण. तोवर एंट्री व्हिसा. जोडीदाराच्या व्हिसाला पोलीस क्लिअरन्स लागला तर तोही पासपोर्ट सेवेतूनच काढा, पोलीस ठाण्यातलं साधं पत्र घेऊन जाऊ नका. परदेशी वकिलाती ते मानत नाहीत.